सर आशुतोष मुकर्जी यांची कुलगुरुपदाची कारकीर्द : एक छाननी

(१)

कलकत्ता विद्यापीठाच्या एका कुलगुरूविषयीं या त्रैमासिकांत लिहिण्याचें प्रयोजन काय, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. तिचें निरसन आरंभींच करतों. कृष्णाजी अनंत सभासद यानें जिंजी येथें राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेली बखर का. ना. साने यांच्या आवृत्तीवरून आपणां सर्वांस परिचित आहे. तिचें सटीप इंग्रजी भाषांतर, चिटणिसी बखर व शिवदिग्विजय यांतील उताऱ्यांसह, इ. स. १९२० सालीं प्रसिद्ध झालें, तें पुण्याहून नव्हे, मुंबईहूनही नव्हे, तर कलकत्ता विद्यापीठाकडून; आणि भाषांतरकार सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली होते. मराठ्यांच्या राज्यकारभारावरील त्यांचा ग्रंथ त्याच विद्यापीठानें १९२३ सालीं छापला. ज्या वर्षीं पुण्यांत भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झालें त्याच वर्षीं, म्हणजे १९१७ सालीं, सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चिरंजीव देवदत्त हे प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकेल अध्यापक म्हणून कलकत्त्यास गेले, ते १९३६ पर्यंत तेथें राहिले. त्यांच्याही पूर्वीं गोव्यांतील साखवाळ गांवचे धर्मानंद कोसंबी यांनीं त्या विद्यापीठांत पालीचें अध्यापन केलें होतें.

हे तिन्ही प्रसंग एका पुरुषाच्या धोरणाशीं निगडित आहेत. सर आशुतोष मुकर्जी हे १९०६ ते १९१४ व पुन्हां १९२१ ते १९२३ अशीं एकंदर दहा वर्षें कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरु होते. १९१७ पासून पदव्युत्तर अध्यापनाच्या मंडळाचें अध्यक्षपदही त्यांच्याकडेच असल्यामुळें कुलगुरुपदीं दुसरे गृहस्थ असतांनासुद्धां सूत्रें बहुतांशीं त्यांच्याच हातीं राहिलीं.

त्यांच्याविषयीं जें लिहिलें गेलें आहे त्याचे दोन स्पष्ट वर्ग पडतात. एक शिष्यांनीं व चाहत्यांनीं लिहिलेला; त्यांत ते 'बंगालचा वाघ' आहेत व त्यांच्या हातून चूक अशी झालीच नाहीं. दुसरा विरोधकांचा, त्यांत ते पदव्यांचा कारखाना चालविणारे एकतंत्री कारभारी आहेत. आपल्या अभ्यासाच्या भाषेंत बोलावयाचें तर पहिला वर्ग बखरीचा व दुसरा वैरी दरबारच्या अखबारनविसाचा. बखर खोटी म्हणून टाकून देतां येत नाहीं, आणि शत्रूच्या अखबारावर विसंबूनही राहतां येत नाहीं. या दोहोंच्या मध्यें जमाखर्चाचे कागद असतात, आणि पुष्कळदां तेच खरें बोलतात. प्रस्तुत लेखांत आम्हीं सर आशुतोष यांच्या कारकीर्दीकडे याच तिसऱ्या बाजूनें पाहण्याचें योजिलें आहे.

(२)

आशुतोष यांचा जन्म २९ जून १८६४ रोजीं कलकत्त्यांत झाला. वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर होते. मुलाची बुद्धि असामान्य होती. १८८५ सालीं गणितांत व १८८६ सालीं भौतिक शास्त्रांत अशा दोन एम्. ए. पदव्या त्यांनीं मिळविल्या आणि १८८६ सालींच प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही पटकावली. या शिष्यवृत्तीचें मूळ आपल्या मुंबईंत आहे. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या दानांतून उभा राहिला, त्याच प्रेमचंद रायचंद यांनीं १८६६ सालीं कलकत्ता विद्यापीठास दोन लक्ष रुपये दिले होते. मुंबईच्या सावकाराच्या व्याजावर बंगालचे विद्वान वाढावे, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे. कारण विद्या कोणाच्या पैशावर जगते हाच या लेखाचा विषय आहे.

तरुण वयांतच आशुतोष यांचे गणितविषयक निबंध परदेशांत मान्य झाले. परंतु त्यांच्या विद्यापीठांत अशा गणितज्ञास बसावयास जागा नव्हती. कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं १८५७ सालीं स्थापन झालेलीं तिन्ही विद्यापीठें परीक्षा घेत व पदव्या देत. शिकविण्याचें काम महाविद्यालयांचें. अर्थात् संशोधन हें कोणाचेंच काम नव्हतें. आशुतोष यांनीं कायद्याचा व्यवसाय पत्करला. १८८९ सालीं ते विद्यापीठाचे सदस्य झाले, व १९०४ सालीं हायकोर्टाचे न्यायाधीश. कुलगुरुपद त्या काळीं बिनपगारी होतें. दिवसा न्यायासन व सकाळ-संध्याकाळ विद्यापीठ, असा त्यांचा क्रम होता. ज्यास स्वतःच्या तारुण्यांत विद्यापीठाचें दार बंद आढळलें, त्यानें पुढें तें दार मोडून रुंद केलें, हें त्यांच्या चरित्राचें सूत्र म्हणतां येईल.

(३)

लॉर्ड कर्झन यांच्या अमदानींत १९०४ सालीं विद्यापीठांचा कायदा झाला. सिनेटमध्यें सरकारनियुक्त सभासदांची बहुसंख्या राहावी व नियमांस सरकारची मंजुरी लागावी, अशी त्यांत तरतूद होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत त्यास निकरानें विरोध केला, आणि तो विरोध यथार्थच होता. परंतु त्याच कायद्यांत एक कलम असें होतें कीं, विद्यापीठानें अध्यापक नेमावे, ग्रंथालयें व प्रयोगशाळा चालवाव्या आणि स्वतः शिकवावें. इतरांनीं या कायद्यांत बेडी पाहिली; आशुतोष यांनीं त्या बेडीचें लोखंड वितळवून कुदळ केली. १९०६ सालीं कुलगुरु होतांच नवे नियम अमलांत आणून त्यांनीं विद्यापीठ शिकवितें केलें.

बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीचें आंदोलन पेटलें होतें. सरकारी छायेतील विद्यापीठास लोक 'गुलामखाना' म्हणूं लागले होते, व १९०६ सालींच राष्ट्रीय शिक्षणासाठीं निराळी संस्था निघाली. आशुतोष त्या चळवळींत गेले नाहींत. त्याबद्दल त्यांजवर त्या वेळीं पुष्कळ टीका झाली. परंतु ते प्रतिपक्षाच्या माणसांस दूर लोटीत नसत. धर्मानंद कोसंबी यांनीं राष्ट्रीय पक्षाच्या कॉलेजांतही शिकविलें व विद्यापीठांतही शिकविलें. पुढें कोसंबी यांनीं कलकत्त्याची जागा सोडून, महाराष्ट्रांत राहून काम करतां यावें म्हणून बडोद्याच्या सयाजीरावमहाराजांचें अल्प वेतन पत्करलें. तो त्यांच्या निष्ठेचा भाग होय. परंतु पाली भाषेस विद्यापीठांत स्थान देणारा कुलगुरु तेव्हां कलकत्त्यासच होता, हेंही नमूद केलें पाहिजे.

(४)

आतां पैशाकडे वळूं. विज्ञान महाविद्यालय उभें राहिलें तें दोन वकिलांच्या दानावर. सर तारकनाथ पालित यांनीं सुमारें १५ लक्ष व सर रासबिहारी घोष यांनीं १९१३ सालीं १० लक्ष रुपये दिले. पालितांची अट अशी कीं, त्यांच्या देणगींतून नेमावयाचे अध्यापक हिंदी असावे. १९१४ सालीं कोनशिला बसली. प्रफुल्लचंद्र राय रसायनाचे पालित अध्यापक झाले. चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारच्या हिशेबखात्यांतील जागा सोडून १९१७ सालीं भौतिकशास्त्राचे पालित अध्यापक झाले, आणि त्याच पदावर असतां त्यांस १९३० सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. तत्त्वज्ञानासाठीं १९२१ सालीं म्हैसुराहून राधाकृष्णन् यांस आणिलें. प्रांत, जात, धर्म न पाहतां माणूस हेरण्याची आशुतोष यांची दृष्टि विलक्षण होती, याविषयीं त्यांच्या शत्रूंचेंही दुमत नव्हतें.

मात्र दात्यांची दानें कांहीं थोड्या विषयांस पुरलीं. १९१७ सालीं सर्व पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठानें आपल्या हातीं घेतलें, तेव्हां विषयांची संख्या वाढली व शेंकडों व्याख्याते ठेवावे लागले. पाली, तिबेटी, प्राचीन लिपि, नाणकशास्त्र, मानवशास्त्र यांचे वर्ग निघाले. १९१९ सालीं देशी भाषांत एम्. ए. ची परीक्षा सुरू झाली. आपल्याच मातृभाषेंत विश्वविद्यालयाची सर्वोच्च पदवी मिळावी, ही गोष्ट तोंवर हास्यास्पद वाटत असे. दिनेशचंद्र सेन यांच्या खटपटीनें जुन्या बंगाली पोथ्यांचा मोठा संग्रह विद्यापीठांत जमला. सुरेंद्रनाथ सेन यांनीं मराठी शिकून आमच्या बखरी वाचल्या, त्या याच योजनेच्या आश्रयानें. या सर्वांचा खर्च कोठून आला? सरकारची मदत तुटपुंजी होती. तो आला मुख्यतः परीक्षांच्या फीमधून. आणि त्यांतही मोठा वाटा मॅट्रिकच्या उमेदवारांचा.

आम्हीं चौतीस वर्षें शालान्त वर्गास संस्कृत शिकविलें आहे; परीक्षेची फी म्हणजे काय हें आम्हांस पुस्तकावरून शिकावें लागलें नाहीं. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशीं धोतराच्या सोग्यांतून सोडलेल्या चुरगळलेल्या नोटा आम्हीं मोजून घेतल्या आहेत. म्हणून कलकत्त्याच्या जमाखर्चाकडे पाहतांना आम्हांस असें दिसतें कीं, सभासदाच्या बखरीचें तें देखणें भाषांतर बारिसाल, मैमनसिंग अशा जिल्ह्यांतील कोणा शेतकऱ्याच्या वा कारकुनाच्या मुलाच्या फीवर छापलें गेलें. आणि त्या मुलांपैकीं कित्येक मॅट्रिकच्या पुढें कधीं गेलेच नाहींत.

(५)

विरोधकांचा मुख्य आक्षेप येथेंच उभा राहतो. आशुतोष यांच्या काळांत परीक्षार्थी वाढले व उत्तीर्णांचें प्रमाणही पूर्वींच्या मानानें फार वाढलें. रामानंद चतर्जी यांच्या 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकांतून विद्यापीठाच्या हिशेबावर, नेमणुकींवर व परीक्षांच्या ढिलाईवर सतत टीका होत असे. टीकाकारांत यदुनाथ सरकार होते. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक या नात्यानें त्यांची कठोर प्रमाणबुद्धि आपणांस ठाऊकच आहे. संख्येच्या मागें लागून विद्येचा कस उतरविला, संशोधनाच्या नांवाखालीं कच्चें लेखन छापलें आणि सर्व कारभार एका माणसाच्या मर्जीवर ठेवला, असें त्यांचें म्हणणें. १९१७ ते १९१९ या काळांत सर मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखालीं जो विद्यापीठ-आयोग बसला, त्याचे आशुतोष हे स्वतः सभासद होते. त्या आयोगानेंही मॅट्रिकची पायरी खालीं असल्याचें दाखवून, माध्यमिक परीक्षा निराळ्या मंडळाकडे द्यावी असें सुचविलें. त्यावर आशुतोष यांची सही आहे. पुढें सरकार तसा कायदा करूं लागलें, तेव्हां त्यांनींच त्यास विरोध केला.

ही विसंगति भक्तांनीं झांकिली व शत्रूंनीं गाजविली. आमच्या मतें ती जमाखर्चावरून उलगडते. १९१७ सालीं पाटण्यास, १९२० सालीं रंगूनला व १९२१ सालीं ढाक्यास स्वतंत्र विद्यापीठें निघून कलकत्त्याचें क्षेत्र आकसत चाललें होतें. असहकारितेच्या चळवळीनें विद्यार्थी घटले. अशा वेळीं मॅट्रिकही गेली असती तर पदव्युत्तर विभागाचा झराच आटला असता. आयोगानें मंडळ सुचविलें तें विद्यापीठास भरपूर सरकारी अनुदान मिळेल हें गृहीत धरून. सरकारनें मंडळ तेवढें उचललें व अनुदानाच्या बाबतींत हात आंखडला. तेव्हां ढिलाई व विद्याप्रसार हीं दोन निराळीं खातीं नव्हेत. देहलीदीपन्यायानें उंबऱ्यावरचा एकच दिवा आंत व बाहेर उजेड पाडतो. तसा फीचा एकच पैसा बाहेर परीक्षेचा उंबरा सखल करीत होता आणि आंत संशोधकाच्या मेजावर उजेड पाडीत होता. एकाची स्तुति व दुसऱ्याची निंदा, असें तुकडे पाडून बोलणाऱ्यांनीं हा दिवा एकच आहे हें विसरूं नये.

परंतु यावरून आशुतोष सर्वस्वीं निर्दोष ठरतात असें नाहीं. गंगाजळी न ठेवतां विस्तार करणें, हिशेब मागणारास शत्रु समजणें व सर्व धागे आपल्याच मुठींत ठेवणें हे दोष खरे आहेत. आपल्याकडील मोठमोठ्या कारभाऱ्यांचे हेच दोष दप्तरांत पानोपानीं दिसतात.

(६)

सरकारशीं त्यांचा खटका नवा नव्हता. १९१३ सालीं विद्यापीठानें अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुऱ्हावर्दी व काशीप्रसाद जायसवाल या तिघांस व्याख्याते नेमिलें, तेव्हां ते राजकारणांत भाग घेतात या कारणावरून हिंदुस्थान सरकारनें मंजुरी नाकारली. यांपैकीं जायसवाल हे पुढें प्राचीन हिंदु राज्यव्यवस्थेचे केवढे अभ्यासक झाले हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. विद्यापीठास अशा रीतीनें मुकावें लागलेला एक विद्वान या वादाचें खरें मोल दाखवितो. १९१४ सालीं आशुतोष यांची मुदत पुढें वाढविली गेली नाहीं.

१९२१ सालीं विद्यापीठ हिंदुस्थान सरकारकडून बंगाल सरकारच्या ताब्यांत आलें व त्याच वर्षीं आशुतोष पुन्हां कुलगुरु झाले. तिजोरींत खडखडाट होता. अध्यापकांचे पगार थकले होते. १९२२ सालीं बंगाल सरकारनें अडीच लक्ष रुपये देऊं केले, परंतु अटींसह: खर्चाचा नवा विस्तार थांबवावा व हिशेब वेळोवेळीं सादर करावा. त्या वर्षाच्या डिसेंबरांत सिनेटपुढें आशुतोष यांनीं जें भाषण केलें तें त्यांच्या चरित्रांतील सर्वांत गाजलेलें होय. गुलामी पत्करून मिळणारा पैसा नको. दारोदार भिक्षा मागूं, अध्यापक उपाशी राहतील, पण स्वातंत्र्य प्रथम, स्वातंत्र्यच दुसरें व स्वातंत्र्यच सदैव, असा त्याचा आशय. सिनेटनें अटी फेटाळल्या.

या भाषणानें आजही अंगावर रोमांच उभे राहतात. तथापि शिक्षकाच्या पेशांत आयुष्य गेलेल्या आम्हांस एक प्रश्न टाळतां येत नाहीं. उपाशी राहण्याची प्रतिज्ञा करणाऱ्या कुलगुरूंस हायकोर्टाचा पगार होता. थकलेल्या पगाराचा व्याख्याता कोणत्या दुकानीं उधारी मागणार होता? स्वातंत्र्याचें मोल चुकतें होत असतां तें कोणाच्या घरांतून जातें, हेंही इतिहासकारानें लिहून ठेवावें. सरकारच्या अटींपैकीं हिशेबाची अट आम्हांस गैर वाटत नाहीं. ज्या संस्थेचा हिशेब चोख, तिचें स्वातंत्र्य हिरावणें अवघड.

पुढील वर्षींचा प्रसंग मात्र निराळ्या जातीचा होता. मार्च १९२३ मध्यें गव्हर्नर व कुलपति लॉर्ड लिटन यांनीं आशुतोष यांस पत्र लिहिलें. आपण सरकारच्या विद्यापीठविषयक कायद्यांस विरोध केला, इतर सरकारांकडे व सॅडलर यांच्याकडे दाद मागितली, असे दोष देऊन, विरोध सोडून मनापासून साह्य करण्याचें वचन द्याल तर पुन्हां नेमणूक करूं, असा त्यांत मजकूर होता. २६ मार्च रोजीं आशुतोष यांनीं उत्तर धाडलें. वचन देणारा कुलगुरु सरकारास दुसरा मिळेल, आपण तो नव्हे, अशा अर्थाचें तें सडेतोड पत्र वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालें आणि सर्व देशांत वाचलें गेलें. येथें हिशेबाचा प्रश्न नव्हता. मत विकत घेण्याचा प्रश्न होता, आणि त्याला एकच उत्तर शोभलें असतें. तें त्यांनीं दिलें. त्यांच्या जागीं भूपेंद्रनाथ बसू आले. १९२३ च्या अखेरीस आशुतोष हायकोर्टांतूनही निवृत्त झाले, व २५ मे १९२४ रोजीं, एका मोठ्या दाव्यासाठीं पाटण्यास गेले असतां, तेथेंच वारले.

(७)

निर्णय करावयाचा तर त्यास एक चांगली कसोटी काळानेंच दिली आहे. १९२६ ते १९२८ या दोन वर्षांत यदुनाथ सरकार स्वतः कलकत्त्याचे कुलगुरु होते. ज्या टीकाकाराच्या हातीं असें शस्त्र आलें, त्यानेंही पदव्युत्तर विभाग मोडला नाहीं. सेनांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथ १९२८ सालीं बाहेर पडला, देवदत्त भांडारकर शिकवीतच राहिले. सुरेंद्रनाथ सेन पुढें हिंदुस्थान सरकारच्या दप्तरखान्याचे मुख्य झाले. म्हणजे आशुतोष यांनीं बांधलेली इमारत एका माणसाच्या मर्जीवर उभी आहे हा आक्षेप त्यांच्या हयातींत खरा असला, तरी पाया त्या माणसाहून खोल होता असें म्हणणें प्राप्त आहे. परीक्षा सैल झाल्या हें खरें. हिशेब ढिला होता हें खरें. आणि हिंदुस्थानांतील विद्यापीठ शिकवूं व शोधूं लागलें तें प्रथम त्यांच्या हातीं, हेंही तितकेंच खरें.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आशुतोष यांच्याविषयीं इतकें तरी निश्चयानें लिहितां येतें, याचें कारण त्या विद्यापीठाचीं इतिवृत्तें व पत्रव्यवहार छापले गेले, आणि ८०,००० वर पुस्तकांचा त्यांचा स्वतःचा संग्रह घरच्यांनीं १९४९ सालीं राष्ट्रीय ग्रंथालयास दिला. आपल्याकडे सनदा, महजर, मोडी रुमाल जपण्याची जाण आली आहे. शाळा-कॉलेजांच्या दप्तरास मात्र अजून कोणी इतिहासाचें साधन म्हणत नाहीं. आम्ही ज्या शाळेंत होतों तेथील साठ वर्षांचीं हजेरीबुकें, फीच्या पावतीपुस्तकांचीं स्थळप्रतें व व्यवस्थापक मंडळाचीं इतिवृत्तें एका उन्हाळ्याच्या सुटींत रद्दीच्या भावानें वजनावर गेलीं. आम्ही तेव्हां तेथेंच होतों व जागा रिकामी झाली म्हणून बरेंच वाटलें. कारण तेव्हां आमची दृष्टि पेशवाईच्या अलीकडे वळलेली नव्हती. त्या शाळेची मुलें कोणाच्या पैशावर शिकलीं व कां गळालीं, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. ज्यांच्या गांवीं जुनी शाळा असेल त्यांनीं तिच्या अडगळीच्या खोलीची किल्ली एकदां अवश्य मागावी.